घशाचा कॅन्सर उलटला, स्वरयंत्र पूर्ण काढणार आहेत. घरच्यांनी आधी काय शिकून ठेवावं?

रेवती_स

यजमानांचं वय ५७, वजन ५४ किलो. स्वरयंत्राच्या कॅन्सरसाठी पावणेदोन वर्षांपूर्वी ३५ शेक (रेडिएशन, एकूण ७० ग्रे) आणि सोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध झालं होतं. आता त्याच जागी परत आलाय. बायोप्सी पॉझिटिव्ह, पेट स्कॅनमध्ये घसा सोडून दुसरीकडे काही नाही. टोटल लॅरिंजेक्टॉमी (स्वरयंत्र पूर्ण काढणं), मानेच्या दोन्ही बाजूंच्या गाठी काढणं आणि छातीचा स्नायू वर घेऊन घशाला लावणं असं ठरलंय. तारीख तीन आठवड्यांनी.

घरी मी आणि कॉलेजातला मुलगा. गाव तालुक्याचं, मोठं रुग्णालय १४० किलोमीटरवर, आणि वीज रोज दोन-तीन तास जाते. धीर धरा, सकारात्मक राहा हे सगळ्यांचं सांगून झालंय, तेवढं सोडून सांगा. सर्जनना आधी नेमकं काय विचारायचं? श्वासासाठी मानेत करतात ते भोक घरी कसं सांभाळायचं? नाकातल्या नळीतून काय आणि किती द्यायचं? आणि आवाज गेल्यावर बोलायचं कसं? ते चौथीपर्यंत शिकलेत, लिहायची सवय नाही.

गोदाकाठ

रेवतीताई, तीन आठवडे हातात आहेत हे बरं. पहिला आठवडा रक्ततपासणी आणि वजनाला द्या.

टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) सांगितली नसेल तर मागून घ्या. मानेला शेक मिळालेल्यांची थायरॉइड मंदावणं नेहमीचं आहे, आणि ती मंद असताना शस्त्रक्रिया झाली तर टाके धरायला उशीर लागतो. हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), साखर हेही बघा. ५४ किलो हे मूळ वजनापेक्षा किती कमी आहे? सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त उतरलं असेल तर आत्ताच नाकातून नळी घालून खाणं वाढवायचं का, हे विचारा. तंबाखू, मिश्री, विडी आजपासून बंद. हे उपदेश म्हणून सांगत नाही. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि शेकानं त्या आधीच अरुंद झालेल्या असतात.

सगळा घोळ तिथेच आहे. कोऱ्या घशावर हीच शस्त्रक्रिया झाली तर टाके सहसा नीट धरतात. शेक घेतलेल्या घशात टाक्यांच्या रेषेला रक्त कमी पोचतं. ती उसवली की गिळलेली लाळ मानेच्या कातडीतून बाहेर येते. यालाच फिस्टुला म्हणतात. साधारणपणे पाचव्या ते बाराव्या दिवसांत कळतं: ताप, मान लाल-गरम, ड्रेनमध्ये (जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीत) लाळेसारखं चिकट किंवा घाण वासाचं पाणी. छातीचा स्नायू वर घेतात तो यासाठीच, शेक न लागलेलं ताजं रक्त तिथे आणायला. तरीही फिस्टुला होऊ शकतो. झाला तर तोंडानं काही नाही, नळीतून खाणं, रोज पट्टी भरणं, आणि बहुतेक वेळा काही आठवड्यांत तो आपोआप मिटतो. म्हणून दहा दिवसांची नाही, महिना-दीड महिन्याची तयारी ठेवून जा. मुलाची परीक्षा, शेतीची कामं, पैसे, सगळं त्या हिशोबानं.

सर्जनना विचारायचं ते कागदावर लिहून न्या. थायरॉइड अर्धी काढणार की पूर्ण? पूर्ण काढली तर कॅल्शियम उतरू शकतं. ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या तर लगेच सांगायचं. बोलायच्या झडपेचं (श्वासनळी आणि अन्ननलिकेमधलं) छिद्र आत्ताच करणार की नंतर? शेकानंतरच्या घशात बरेच सर्जन ते पुढे ढकलतात आणि ते समंजसपणाचं आहे. ऐन वेळी छातीच्या स्नायूऐवजी हाताची कातडी वापरावी लागली तर कोणत्या हाताची? कामाचा हात सोडायला सांगा, सलाइनची सुईही त्या हाताला नको.

आणि सर्वांत महत्त्वाचं: नाकातली नळी निघाली तर ती परत कोण घालणार? ही नळी घशाच्या नव्या टाक्यांवरून गेलेली असते. रात्रपाळीच्या कुणी किंवा गावच्या डॉक्टरांनी अंदाजानं परत ढकलली तर टाके फाटून ती भलतीकडे जाते. नळी निघाली की तशीच राहू द्या, तोंडानं काही देऊ नका, सर्जनच्या टीमला फोन करा. नळीवर नाकाशी किती सेंटीमीटरची खूण आहे ते फोनमध्ये लिहून ठेवा आणि रोज पडताळा.

दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसता रिपोर्ट चालत नाही. बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात ठेवलेला तुकडा), पेट स्कॅनची सीडी आणि शेक कुठे, किती दिले त्याचा सारांश मागा. शेवटचा कागद आधीच्या रेडिएशन विभागाकडूनच मिळतो आणि तो काढायला वेळ लागतो.

कोकणचा_पाहुणा

कफ सुटायला गरम पाण्यात निलगिरीचे थेंब टाकून वाफ, आणि संध्याकाळी ओव्याची धुरी. जुना आणि बिनखर्चाचा उपाय आहे.

रातपाळी_सिस्टर

पाहुणे, कृपा करून नको. या माणसाला नाक नाही असं धरा. नाक हवा गाळतं, गरम आणि ओलसर करतं. ते सगळं टळून हवा थेट श्वासनळीत जाते. धुरी, धूप, अगरबत्ती, फोडणीचा खाट, निलगिरी, व्हिक्स, पावडर, डास मारायची कॉइल, सगळं थेट फुप्फुसात. ओलावा मात्र हवाच, तो साध्या नॉर्मल सलाइनच्या नेब्युलायझरनं द्यायचा: ३ ते ५ मिली, दिवसातून तीन-चार वेळा, मास्क मानेवर. उकळत्या पातेल्यावर मान धरायची नाही, भाजतं.

रेवतीताई, आता मूळ गोष्ट. ट्रॅकिओस्टॉमी आणि लॅरिंजेक्टॉमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रुग्णालयातसुद्धा लोक गल्लत करतात. ट्रॅकिओस्टॉमीत मानेला भोक असलं तरी वरचा रस्ता सहसा शिल्लक असतो. लॅरिंजेक्टॉमीत श्वासनळी कापून मानेच्या कातडीला शिवून टाकतात. नाक-तोंडाचा फुप्फुसाशी संबंधच संपतो. तोंडावर मास्क लावला तर ऑक्सिजन फुप्फुसात पोचतच नाही, माणूस गुदमरत राहतो. म्हणून पलंगाच्या डोक्याशी, घरच्या दारामागे आणि त्यांच्या खिशातल्या कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहा: «स्वरयंत्र काढले आहे. श्वास फक्त मानेतून. ऑक्सिजन मानेवर लावा.» कृत्रिम श्वास द्यायची वेळ आली तर तोही मानेवरूनच, लहान मुलांचा गोल मास्क भोकावर बसवून. तो एक मास्क विकत घेऊन ठेवा. शेजारच्या दोन घरांना आणि जवळच्या दवाखान्याला आधीच सांगून ठेवा.

घरी काय लागेल: सक्शन मशीन, १२ किंवा १४ नंबरच्या सक्शन नळ्या, नॉर्मल सलाइनच्या बाटल्या, ५ मिलीच्या सिरिंज, निर्जंतुक गॉज, टोकाला बोथट चिमटा, डोक्याला बांधायची बॅटरी, हात मोकळे राहणारा आरसा, एक जादा लॅरी ट्यूब (भोक उघडं ठेवणारी छोटी नळी) आणि तिच्याहून एक माप लहान अशी दुसरी. वीज जाते म्हणालात, तर पायानं चालवायचं सक्शन यंत्र मिळतं ते घ्या. विजेचं मशीन भाड्यानं चालेल, पायाचं स्वतःचं ठेवा.

सक्शन करायची रीत:

हात धुवा, त्यांना बसवा किंवा पाठ उंच करा. मशीनचा दाब १०० ते १२० (एमएमएचजी) वर ठेवा. १५० च्या वर नेलात तर आतलं अस्तर सोलून रक्त येतं. कफ घट्ट असेल तर सिरिंजनं २-३ मिली सलाइन आत सोडा. जोराचा ठसका येईल, घाबरू नका, तोच हवाय. नळी आत जाताना ओढ बंद ठेवा, म्हणजे नळीवरचं अंगठ्याचं छिद्र उघडं. ठसका लागला की तिथेच थांबा, एक सेंटीमीटर मागे घ्या, अंगठा ठेवा आणि फिरवत बाहेर काढा. आत जाऊन बाहेर येईपर्यंत दहा-पंधरा सेकंदांच्या वर नाही. तुम्ही स्वतःचा श्वास रोखून धरा, म्हणजे किती वेळ होतोय ते कळतं. मग त्यांना चार श्वास घेऊ द्या. तीनदा करूनही साफ होत नसेल तर खोकला, सलाइन आणि विश्रांती. नळी पुन्हा पुन्हा घालत बसू नका. खोकून येत असेल तर सक्शनची गरजच नसते. उगाच केलेल्या सक्शननं कफ वाढतो.

भोकाच्या कडा सकाळ-संध्याकाळ सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजनं पुसा. कापूस आणि टिश्यू पेपर नको, तंतू आत ओढले जातात. कडेला सुकलेली खपली आधी ओली करा, पाच मिनिटं थांबा, मग चिमट्यानं काढा. कोरडी ओढली तर रक्त येतं, आणि ते रक्त सुकून उद्या आणखी मोठी खपली होते. हिवाळा आणि एसीची खोली हे खपलीचे खास दिवस. दमट हवेसाठी एचएमई नावाची छोटी फोमची डबी येते, ती नळीवर किंवा चिकटपट्टीवर बसते. रोज बदलायची, धुवायची नाही, नेब्युलायझरच्या वेळी काढायची. रोजची परवडत नसेल तर दोन-चार पदरी मलमलीचा ओलसर रुमाल भोकापुढे बांधा. तेवढं काम करत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ बरं.

लॅरी ट्यूब सांगितली तितके तास घालायचीच. नवं भोक पहिले काही महिने आकसतं. आज त्रास होतो म्हणून रात्रभर काढून ठेवली आणि सकाळी आत जाईना, हा नेहमीचा प्रकार. म्हणूनच एक माप लहान घ्या म्हटलं. ती घालून निघा, जोर करू नका. आणखी एक, तुमच्यासारख्या केससाठी खास: छातीचा स्नायू गळपट्टीच्या हाडावरून मानेत येतो आणि त्याची रक्तवाहिनीही तिथूनच. मानेभोवती नाडी घट्ट बांधायची नाही, त्या बाजूवर झोपायचं नाही. कित्येक ठिकाणी पहिले दिवस ट्यूब नाडीनं न बांधता कातडीला शिवतात. मान मागे ताणायची नाही, हनुवटी थोडी छातीकडे.

डाव्या बाजूच्या ड्रेनमध्ये, खाणं सुरू झाल्यावर, पाणी दुधासारखं पांढरं दिसलं तर सिस्टरला लगेच दाखवा. मानेतली चरबी वाहणारी नळी गळत असते, तेव्हा आहार बदलावा लागतो.

आता एक वाईट गोष्ट, पण माहीत असलीच पाहिजे. शेक घेतलेल्या मानेत, विशेषतः फिस्टुला असताना, मोठी धमनी कमकुवत होऊ शकते. मानेतून, भोकातून किंवा तोंडातून ताजं लाल रक्त आलं आणि आपोआप थांबलं, तर तो सुटकेचा निःश्वास सोडायचा प्रसंग नाही. ते मोठ्या रक्तस्रावाआधीचं असू शकतं. त्याच वेळी रुग्णालय. सक्शननंतर कफात दिसणारी गुलाबी रेघ वेगळी. वाहतं लाल रक्त असेल तर गॉजचा बोळा त्या जागी बोटांनी घट्ट दाबून धरायचा, बघायला उचलायचा नाही, १०८ बोलवायची आणि जे जवळ असेल तिथे आधी पोचायचं. घरी जाताना तुमच्याकडे फुगा असलेली ट्यूब द्यायची का, तेही विचारून ठेवा. रक्त भोकाकडे येत असेल तर फुगा फुगवल्यावर फुप्फुसं वाचतात.

पेजपाणी

खाण्याचं सांगते. ५४ किलोला दिवसाला साधारण १६५० ते १९०० कॅलरी आणि ६५ ते ८० ग्रॅम प्रथिनं. रुग्णालयाच्या आहारतज्ज्ञांनी वेगळं दिलं तर तेच पाळा, पण घरी आल्यावर कागद हरवतो म्हणून हे.

दुधाचं एक माप: गाईचं दूध २०० मिली, दूध पावडर १० ग्रॅम, साखर १० ग्रॅम, तेल ५ मिली. होतात अंदाजे २५० कॅलरी आणि १० ग्रॅम प्रथिनं. दिवसात अशी सात. सगळी दुधाचीच दिली तर पोट बिघडतं, म्हणून दोन-तीन मापं डाळीची: मूगडाळ ३० ग्रॅम, तांदळाचं पीठ १५ ग्रॅम, तेल १० मिली, मऊ शिजवून मिक्सरमधून काढून चहाच्या गाळणीनं दोनदा गाळायचं. साखरेचा आजार असेल तर साखर वगळा, तेल थोडं वाढवा. नाचणीची पेज, साबुदाणा, शिंगाड्याचं पीठ टाळा. भांड्यात पातळ दिसतं, नळीत गार झालं की खळ होते. तूपसुद्धा थंडीत नळीच्या भिंतीला थिजतं, तेल बरं.

देताना पाठ निदान ३० ते ४५ अंश उंच, नंतर तासभर आडवं व्हायचं नाही. ५० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून ती नळीला लावायची, अन्न ओतायचं आणि स्वतःच्या वजनानं उतरू द्यायचं. एका मापाला वीस मिनिटं तरी लागली पाहिजेत. ढकललं की उलटी, आणि उलटीचा जोर ताज्या टाक्यांवर. आधी ३० मिली पाणी, नंतर ५० मिली. सात मापांचं आणि पाण्याचं मिळून दोन लिटर होतात. उन्हाळ्यात त्याच्यावर अर्धा लिटर. पाणी कमी पडलं की पहिला सुकतो तो कफ. सिस्टर ज्या खपलीबद्दल लिहितायत तिचं अर्धं कारण नळीतून गेलेलं कमी पाणी.

शिजवलेलं चार तासांहून जास्त बाहेर ठेवू नका. गोळ्या एकेक करून बारीक कुटा, अन्नात मिसळू नका, प्रत्येकीनंतर पाणी. आम्लपित्ताच्या गोळीसारख्या वरून लेप असलेल्या गोळ्या कुटून चालत नाहीत, त्यांना पर्याय लिहून घ्या. थायरॉइडची गोळी सकाळी पहिली, त्यानंतर तासभर काही नाही. नळी तुंबली तर कोमट पाणी २०-३० मिली, हलकेच पुढे-मागे. तार किंवा काडी कधीच नाही.

तोंडानं कधी? शेक घेतलेल्यांना बहुधा दोन आठवडे किंवा त्याहून पुढे. आधी निळं पाणी पाजून किंवा औषध पाजून एक्स-रेवर गळती बघतात. त्याआधी प्रेमानं दिलेला चमचाभर चहा हासुद्धा गुन्हाच समजा, पाहुण्यांना दारातच सांगा. सुरू झाल्यावर पाणी, मग पातळ, मग गुरगुट्या भात. काही महिन्यांनी घास अडकायला लागला तर घसा आकसला असू शकतो, तो रुंद करता येतो. निमूटपणे पातळावर राहू नका.

बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. जोर करताना आपण घशाची झडप बंद करतो, त्यांच्याकडे ती नाही. कुंथताही येत नाही, जड उचलताही येत नाही.

रेवती_स

सगळ्यांचे आभार. कार्ड आजच करायला टाकलं. पायाचं सक्शन यंत्र तालुक्याला नाही, जिल्ह्याला मिळेल. बोलण्याचं कुणी सांगेल का? त्यांना सगळ्यात जास्त धसका त्याचाच आहे. म्हणतात, मुका होऊन जगण्यापेक्षा नको ते ऑपरेशन.

बाराखडी

मग भरतीच्या आधी त्यांना एकदा वाचा-उपचारतज्ज्ञाकडे न्याच, आणि जमलं तर शस्त्रक्रिया होऊन बोलणाऱ्या एखाद्या माणसाशी भेट घडवायला सांगा. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत अशी माणसं तपासणीला येत असतात. ऐकल्याशिवाय पटत नाही.

रस्ते तीन आहेत. पहिला, गळ्याला लावायचं इलेक्ट्रोलॅरिंक्स. शेकानं मानेची कातडी लाकडासारखी झाली असेल तर कंपनं आत जात नाहीत. मग ते गालावर लावायचं, किंवा तोंडात धरायची बारीक नळी जोडायची. नळीचा प्रकार जखम ओली असतानाही चालतो. आवाज यंत्रासारखा एकसुरी येतो हे खरं. आणि मराठीत एक खास अडचण: यंत्र सतत गुणगुणत असतं, त्यामुळे प चा ब, त चा द, क चा ग ऐकू येतो. «पाणी» म्हटलं की «बाणी». म्हणून एकेक शब्द न म्हणता छोटं वाक्य म्हणायला शिकवतात. «पाणी दे» मध्ये ऐकणारा चूक सुधारून घेतो. दुसरा, अन्ननलिकेतून ढेकरेसारखा आवाज काढणं. फुकट, हात मोकळे, पण शिकायला महिने, आणि शेकानंतर सगळ्यांना जमत नाही. तिसरा, श्वासनळी आणि अन्ननलिका यांच्यामध्ये छिद्र करून बसवलेली सिलिकॉनची झडप. १९८० च्या सुमाराला अमेरिकेत सिंगर आणि ब्लॉम यांनी ही पद्धत आणली. भोकावर बोट ठेवून श्वास सोडला की हवा घशातून जाते आणि आवाज उमटतो. सगळ्यांत मोकळं बोलणं हेच. भारतात प्रोव्हॉक्स आणि ब्लॉम-सिंगर जास्त दिसतात, बंगळुरूच्या डॉ. विशाल राव यांनी केलेली स्वस्त «ऑम» ही आहे. तुमच्या रुग्णालयात जी बदलायची सवय आहे तीच घ्या. ही झडप कायमची नसते, काही महिन्यांनी बदलावी लागते, आणि तुम्ही १४० किलोमीटरवर आहात.

झडप बसवलीत तर दोन गोष्टी शिकून घ्या. पाणी पिताना ठसका लागला तर रंगीत सरबत पाजून बॅटरीनं बघा: झडपेच्या मधून गळतंय की कडेनं? मधून असेल तर ब्रशनं साफ करा. तरी थांबलं नाही तर बदलायची वेळ आली, बहुतेकदा बुरशी धरलेली असते. कडेनं असेल तर माप चुकलंय. आणि झडप निघून आली तर १४ नंबरचा लाल रबरी कॅथेटर छिद्रात सरकवून चिकटपट्टीनं छातीला चिकटवायचा, बाहेरच्या टोकाला गाठ मारायची. छिद्र काही तासांत मिटायला लागतं. पडलेली झडप हातात नसेल तर ती फुप्फुसात गेली का ते त्याच दिवशी एक्स-रेनं बघायचं.

पण हे सगळं पुढचं. पहिले पंधरा दिवस यांतलं फारसं काही नसतं आणि धसका खरा तेव्हाचा असतो. लिहायची सवय नाही तर पाटी देऊ नका, चित्रं द्या. एका पुठ्ठ्यावर दहा-बारा: कफ काढ, दुखतंय, कूस बदल, लघवी, गरम होतंय, थंडी, सिस्टरला बोलाव, घरचे, देवाचं काही, «हे नाही, दुसरं». शेवटचं चित्र विसरू नका, ते नसेल तर माणूस चिडतो. हो ला अंगठा, नाही ला तळवा, हे घरीच ठरवून चार दिवस सराव करा. प्रश्न एका वेळी एकच. «पाणी हवंय की कूस बदलू» याला अंगठ्यानं उत्तर देता येत नाही. हाताशी घंटी.

ओठांनी बोलताना सगळे जण जोरानं श्वास ढकलतात. त्यामुळे मानेतून फसफस आवाज येतो आणि ओठ वाचता येत नाहीत. श्वास सैल, ओठ-जीभ ठाशीव. प, ट, क, च यांचा टणत्कार तोंडातल्या हवेवरही निघतो, ह निघत नाही. आत्ता आवाज आहे तोवर हा सराव करा.

आणि आवाज कितीही बसलेला असो, मोबाइलवर त्यांची तीस-चाळीस रोजची वाक्यं रेकॉर्ड करून ठेवा. तुम्हाला हाक मारतात ती, मुलाला रागावतात ते, दूधवाल्याला सांगतात ते. एक वाक्य अडचणीसाठी: «माझं स्वरयंत्र काढलंय, मला बोलता येत नाही, माझा पत्ता असा». ११२ ला फोन लावून ते वाजवता येतं. बँकेत फोनवरून आवाजानं काही चालत असेल तर ते बदलून घ्या.

घरात त्यांची वाक्यं तुम्ही पुरी करू नका, कितीही वेळ लागो. पाहुणे मोठ्यानं बोलतात, त्यांना सांगा की कान शाबूत आहेत. हसणं आणि रडणं दोन्ही बिनआवाजाचं होतं, पाठमोरे बसले असतील तर कळणारसुद्धा नाही, समोर बसा. नको ते ऑपरेशन असं ते म्हणतात ते मुलासमोर खोडून काढू नका, सर्जनपुढे म्हणू द्या. त्यांना नाही म्हणायचा हक्क आहे, पण कशाला नाही म्हणतोय ते नीट कळलेलं हवं. झोप उडाली, जेवण नाकारलं, जगण्यात अर्थ नाही असं घरी आल्यावर दिसलं तर रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर तुमच्यासाठीही आहे.

फाइलवाला

कागदांचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण रुग्णालय अंगीकृत पाहिजे आणि मंजुरी भरतीआधी हवी. शिधापत्रिका, आधार, बायोप्सी रिपोर्ट घेऊन तिथल्या आरोग्यमित्राकडे जा. आधारवरचं आणि शिधापत्रिकेवरचं नाव जुळत नसेल तर आत्ता दुरुस्त करा, निम्म्या फायली तिथेच अडतात. एचएमई, झडप, इलेक्ट्रोलॅरिंक्स पॅकेजात आहेत का हे वेगळं विचारा. नसतील तर रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाला अर्ज करा.

रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं माफ, सोबतच्याला ७५ टक्के सवलत. रुग्णालयाचा ठराविक नमुन्यातला दाखला लागतो, तिकीट खिडकीवरच काढायचं. मुंबईत परळला (टाटा रुग्णालयात) जायची वेळ आली तर राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती, दोन्हीकडे रुग्णालयाचं पत्र लागतं.

लोकांना माहीत नसतं ते एक: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा दिव्यांगत्वाच्या व्याख्येत लॅरिंजेक्टॉमी नावानिशी आहे. शस्त्रक्रियेनंतर डिस्चार्ज कार्ड घेऊन जिल्हा रुग्णालयातून यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढा. आयकर भरत असाल तर जुन्या करपद्धतीत अशा आजाराच्या उपचारखर्चाची (१९६१ च्या कायद्यात कलम ८०डीडीबी) ४० हजारांपर्यंत वजावट मिळते, त्याला तज्ज्ञाचं प्रिस्क्रिप्शन जोडावं लागतं.

रेवती_स

शेवटचं एक. आमच्याकडे मोरी, शॉवर नाही. ते डोक्यावरून तांब्या घेतल्याशिवाय आंघोळ मानत नाहीत. आणि शेजारी नदी आहे.

रातपाळी_सिस्टर

नदी, विहीर, पोहणं कायमचं बंद. कमरेएवढ्या पाण्यातसुद्धा पाय घसरला तर संपलं. आंघोळ स्टुलावर बसून, तांब्या छातीच्या खाली. डोकं धुवायचं ते वेगळ्या वेळी: पुढे वाकून, मान खाली, गळ्याभोवती जाड टॉवेल, आणि पाणी तुम्ही ओतायचं, मागून पुढे. भोकाला झाकणारी रबरी ढाल मिळते, पण साबणाचे हात भोकाजवळ नेऊ नका. दाढी करताना भोकावर गॉज, पहिले काही महिने आरशात बघूनच, कारण मान आणि हनुवटी बधिर असते आणि कापलेलं कळत नाही. नाकानं हवा जात नसल्यामुळे वासही येणार नाही. गॅस गळला तर त्यांना कळणार नाही, शेगडीजवळ गळती ओळखणारा भोंगा बसवून घ्या. मळणीच्या दिवसांत आणि रंगपंचमीला घरातच.